नवऱ्याची नोकरी गेलेली असताना उपकारस्तुती कशी करायची? रोजच्या जगण्यातल्या कृतज्ञतेबद्दल सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्यातली एक ताई, दोन लहान मुलं, नवऱ्याची नोकरी जाऊन काही महिने झालेत. पाळकांनी (चर्चच्या पास्टरांनी) उपदेशात सांगितलं की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना, म्हणून हिने डायरी सुरू केली, रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या. पहिल्या दिवशी घर, आरोग्य, फॅमिली, दुसऱ्या दिवशी पण घर, आरोग्य, फॅमिली, आणि आठवडा संपेपर्यंत लिहिताना खोटं वाटायला लागलं. ती विचारते की माझा विश्वास कमी पडतोय का, की मला जमतच नाही, आणि धावपळीत हे मुद्दाम करायचं तरी कसं. वरून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला सांगितलंय, त्याचंही टेन्शन.

तुला तू म्हणते गं, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मी नगरची, आयुष्य महिला मंडळात, घरोघरच्या प्रार्थनासभांत आणि संडे स्कूलमध्ये गेलंय, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून खूप ऐकलाय आणि त्यावर लोक काय काय करतात, काय टिकतं आणि काय गळून पडतं तेही बघितलंय. त्यातूनच सांगते.

विश्वास कमी पडत नाहीये. तुझी लिस्ट चुकलीये. "घर, आरोग्य, फॅमिली" ही नावं इतकी मोठी आहेत की त्यांच्यात तुझा आजचा दिवस कुठेच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल मनापासून आभार मानता येत नाहीत, कुणालाच नाही. माझं म्हणणं एवढंच की कृतज्ञता म्हणजे नुसतं छान वाटणं नव्हे आणि आपल्याकडे काय काय आहे ह्याची यादीही नव्हे, ज्याने दिलं त्याच्याकडे मागे वळून, नेमकं काय मिळालं ते त्याला सांगणं. बाकी सगळं मी ह्याच्याच अवतीभवती सांगणार आहे.

बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातले, येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी आठव. आपण लहानपणापासून त्या नऊ जणांना नावं ठेवतो, पण नीट वाच, ते काही वाईट करत नव्हते, येशूने सांगितलं होतं की जाऊन याजकांना दाखवा, आणि ते तेच करत होते, आज्ञाच पाळत होते. त्यांचं बरं होणंही कुणी परत घेतलं नाही. फरक एवढाच की एक जण वाटेत थांबला, आपण बरे झालोय हे त्याने बघितलं, आणि तो मागे फिरला, मोठ्याने देवाचं गौरव करत आला आणि येशूच्या पायाशी पडून त्याचे आभार मानले. तोही शोमरोनी, परका. मला ही गोष्ट आपल्यासारख्या मंडळीत सतत कामात असणाऱ्या बायकांसाठी फार महत्त्वाची वाटते कारण आपण त्या नऊ जणांतल्याच असतो, सांगितलेलं सगळं करतो, रविवारची भक्ती, महिला मंडळ, उपास, आजाऱ्याला भेटणं, आणि हे सगळं करता करता मागे वळायला वेळच राहत नाही. मुद्दाम कृतज्ञता जोपासायची म्हणजे दिवसातून एकदा वाटेत थांबून मागे वळायचं, बस. त्याला अर्धा तास लागत नाही.

आता तुझी खरी अडचण, नोकरीची. इथे जरा जास्त वेळ घेते.

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्रात आहे, ५:१८. पौल प्रेषिताने ते कुणाला लिहिलंय ते बघ, थेस्सलनीका गावातल्या विश्वासणाऱ्यांना. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये त्या गावात दंगल झाली, यासोनाला आणि इतर विश्वासणाऱ्यांना ओढत अधिकाऱ्यांपुढे नेलं, पौलाला रातोरात बिरुयाला पाठवावं लागलं. म्हणजे नवी मंडळी, मागे छळ चालू, आणि त्यांना सोडून निघावं लागलेला पौल. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो सरळ लिहितो की मला राहवेना म्हणून मी तीमथ्याला तुमच्याकडे पाठवलं, तुमचा विश्वास टिकलाय की नाही ह्याची त्याला काळजी लागलेली. तर हे वचन लिहिणारा माणूस स्वतः काळजीने बेचैन होता आणि ते त्याने लपवलं नाही, एकाच पत्रात दोन्ही आहे. मग आपल्याला कुणी शिकवलं की काळजी वाटली म्हणजे उपकारस्तुती खोटी?

आणि येशूचं बघ. योहान ११, त्याचा मित्र लाजर मेला होता, त्याची कबर. तिथे तो रडला, आणि थोड्याच वेळाने त्याच कबरेपाशी वर बघून म्हणाला की हे बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. आधी रडणं, मग आभार. आणि ज्या रात्री त्याला धरून दिलं त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली, आपण प्रभुभोजनाला दर वेळी हेच ऐकतो (१ करिंथ ११) पण ती रात्र कसली होती हे विसरून ऐकतो.

म्हणून माझं तुला पहिलं काम, आभाराच्या आधी गाऱ्हाणं मांड. स्तोत्र १३ घे, फक्त सहा वचनं आहेत, सुरुवातच "हे परमेश्वरा, किती वेळ" अशी. तेच तुझ्या शब्दांत मोठ्याने म्हण, की किती दिवस, ईएमआयची तारीख येते, मुलांची फी भरायची आहे, नवरा रात्री झोपत नाही, तू बघतोयस ना. मग त्याच बैठकीत, आजच्या दिवसातली एकच गोष्ट घेऊन तिच्याबद्दल आभार मान. नोकरी गेल्याबद्दल थँक यू म्हणायचं नाहीये, ते मी कुणालाच सांगत नाही. आणि एखाद्या दिवशी आभाराचं काहीच सुचलं नाही तर स्तोत्र ८८ वाच, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी उजेडाची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते सुद्धा देवाशीच बोलणं आहे. त्या दिवशी तेवढं पुरे.

मंडळीत कोणी येऊन म्हणेल की रडू नकोस, देव सगळं चांगल्यासाठीच करतो, रोमकरांस ८:२८. वचन खरं आहे, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, पण ते दुःखात असलेल्या माणसाने स्वतः हळूहळू गाठायचं वचन आहे, दुसऱ्याने त्याच्या तोंडावर मारायचं नाही. त्याच पत्रात १२:१५ ला रडणाऱ्यांबरोबर रडा असंही लिहिलंय, ते कुणी आठवण करून देत नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं.

आणखी एक गोष्ट, कारण कृतज्ञतेच्या नावाखाली हेही चालतं आणि मला त्याचा फार त्रास होतो. घरात मारहाण होत असेल तर "आहे त्यात समाधान मान, नवरा आहे त्याबद्दल देवाचे आभार मान" हा सल्ला चुकीचा आहे, मग तो कुणीही दिलेला असो, तिथे मदत मागायची, बाहेर पडायचं. तसंच आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, जगणंच नको वाटतं असं तुला किंवा नवऱ्याला होत असेल तर डॉक्टरकडे जायचं, सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ आहे, फुकट आहे. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. डायरीने डिप्रेशन बरं होत नाही.

बरं, आता करायचं कसं ते.

लिहिण्याबद्दल मी एकच नियम सांगते, की मोठं नाव लिहायचं नाही, घडलेली गोष्ट लिहायची, आणि त्यात शक्यतो एका माणसाचं नाव आलं पाहिजे. "आरोग्य" नको, "आज धाकट्याचा ताप उतरला आणि त्याने स्वतःहून वरण-भात मागितला" हे लिही. "फॅमिली" नको, "सासूबाईंनी न विचारता भाजी निवडून ठेवली, म्हणून मला आंघोळ निवांत करता आली." बघ, अशी ओळ दुसऱ्या दिवशी तीच येऊच शकत नाही. आणि रोज तीन हवेत असंही काही नाही, एक पुरे. रोज नाही जमत तर आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री. अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ ह्या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा एक अभ्यास आहे, त्यात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून फक्त एकदा लिहिलं, आणि रोजच्या कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. आपण मूड सुधारायला हे करत नाही, आपण देवाला उत्तर देतो, पण आठवड्यातून एकदाही चालतं हे ऐकून तुझं ओझं कमी होत असेल तर घे.

लिहून झालं की त्या ओळीचं दोनदा काहीतरी करायचं, एकदा देवाला सांगायचं, आणि मग ज्या माणसाचं नाव आलं त्याला सांगायचं. हे दुसरं लोक करत नाहीत आणि म्हणून डायऱ्या सुकतात असं माझं स्पष्ट मत आहे. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा नियम आहे, त्याचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या यज्ञाचं दुसऱ्या दिवशीही चालायचं, पण उपकारस्तुतीचं नाही. आता एवढं मांस एका दिवसात एकट्याने खाणार कसं, म्हणजे माणसं बोलावणं आलंच, शेजारी, नातेवाईक, आणि ते विचारणार की कशाबद्दल रे जेवण, मग सांगावं लागणार. मला हा नियम फार आवडतो. आजचे आभार आजच, आणि चार माणसांत. तुझ्यासाठी ह्याचा अर्थ एक मेसेज. "काकू, सोमवारी तुम्ही दोघांना शाळेतून आणलंत म्हणून मला ह्यांच्याबरोबर जाता आलं, मी देवाचे आभार मानले तुमच्यासाठी." एवढंच. फुलांचं चित्र, हात जोडलेले इमोजी, फॉरवर्ड केलेलं वचन, हे नको, त्याने ते परत घर-आरोग्य-फॅमिलीसारखं होतं.

पौल हेच करायचा ना, जवळजवळ प्रत्येक पत्राची सुरुवात "तुमची आठवण होते तेव्हा मी देवाचे आभार मानतो" अशी. आणि रोमकरांसच्या १६ व्या अध्यायात तर नावांची रांगच आहे, जो अध्याय आपण वाचताना पटपट उरकतो. फिबी, जिने पुष्कळांना आणि पौलालाही साहाय्य केलं. प्रिस्का आणि अक्विला, ज्यांनी त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. रूफाची आई, जी पौल म्हणतो माझीही आई. काय केलं असेल त्या बाईने? जेवायला घातलं असेल, आजारपणात बघितलं असेल, लिहिलेलं नाही, पण तिच्याबद्दलचं ते एक वाक्य उरलं. तुझ्या आयुष्यातला १६ वा अध्याय लिहायला घे एखाद्या रविवारी दुपारी, ह्या नोकरी नसलेल्या महिन्यांत कोण कोण दारात आलं त्यांची नावं, आणि कोणी काय केलं ते. मी हे प्रार्थनासभेत बायकांकडून करून घेते, आणि सुरुवातीला "आमचं कुणीच नाही" म्हणणारीला कागद पुरत नाही.

वेळ कधी काढायचा, तर वेगळा काढू नकोस, आधीच असलेल्या कामाला लाव. रात्री ओटा पुसताना, मुलांना थोपटताना. मनातल्या मनात सकाळपासून दिवस परत चालून ये, उठले, पाणी आलं, डबे, बस, फोन, दुपार, आणि जिथे मन थांबेल तिथे थांब. ही काही माझी युक्ती नव्हे, इग्नेशियस लोयोला ह्यांच्या १५४८ साली छापलेल्या आध्यात्मिक साधनांमध्ये रोजच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत आहे तिची पहिली पायरीच देवाचे आभार ही आहे, पापांची तपासणी त्याच्या नंतर येते. आपण प्रोटेस्टंट घरातले लोक हे फारसं शिकत नाही, कॅथोलिक घरांत ऐकलेलं असतं, पण घ्यायला काय हरकत आहे. क्रम मात्र महत्त्वाचा, आधी दिवसात देव काय करत होता ते, मग मी काय चुकले ते. उलटं केलं की रोज रात्री स्वतःला फटके मारून झोपायची सवय लागते, आणि त्या सवयीने देवाजवळ जाणंच नको वाटायला लागलेल्या चांगल्या चांगल्या विश्वासी बायका मी बघितल्यात.

आणि सवय संकटाच्या आधीची असली तर बरं, पण तुझं संकट चालू आहे त्याला इलाज नाही, तरी सांगते. दानीएल ६:१० मध्ये, राजाशिवाय दुसऱ्या कुणाकडे प्रार्थना केली तर सिंहांच्या गुहेत टाकायचं अशा फर्मानावर सही झाल्याचं कळल्यावर दानीएल घरी गेला आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना आणि उपकारस्तुती केली, आणि पुढे लिहिलंय की तो आधीपासून करत असे तसंच. सिंहांच्या धाकाने त्याने नवीन काही सुरू केलं नाही. तुझ्या मुलांना आता जे दिसेल ते त्यांच्या पुढच्या वाईट दिवसांत कामाला येईल, असा विचार कर.

जेवणाची प्रार्थना. "हे प्रभू, ह्या अन्नाबद्दल तुझे आभार, आमेन" हे आपण एका श्वासात म्हणतो आणि चमचा आधीच हातात असतो. दोन बदल करून बघ. एक, आज कुणीतरी एकाचं नाव घाल, ज्याने ते ताट आपल्यापर्यंत आणलं, रेशन दुकानदार असेल, डाळ पाठवणारी आई असेल. दुसरा, कधीतरी जेवण झाल्यावर आभार मान. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ८:१० मध्ये तसंच आहे, खाऊन तृप्त झाल्यावर धन्यवाद कर, आणि लगेच पुढे इशारा आहे की पोट भरलं, चांगली घरं झाली, सोनं-चांदी वाढली की मन उन्मत्त होईल आणि देवाला विसरशील. भुकेला माणूस विसरत नाही, भरल्या पोटाचा विसरतो. नवऱ्याला नोकरी लागेल तेव्हा हे वाक्य आठव, खरी परीक्षा तेव्हा आहे.

मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांचं तुला माहीत असेल का कोण जाणे. तिथे स्वयंपाकाला तांदूळ काढले की शिजवायच्या आधी एक मूठ बाजूला काढून ठेवतात, घराघरातून ते तांदूळ गोळा होतात आणि मंडळीच्या कामाला जातात, मिशनरी पाठवायलासुद्धा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, आणि गरीब घरांत चालू आहे, म्हणून तर त्याला किंमत. दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, पगारावर असतो, पगार थांबला की "आता आपण काय देणार" अशी लाज वाटायला लागते, मूठ मात्र थांबत नाही. तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात असणार म्हणून सांगते, ह्या दिवसांत दानाच्या पाकिटात काही टाकता येत नसेल तर देवाची नाराजी ओढवत नाही, एक मूठ तांदूळ डब्यात टाक आणि महिन्याच्या शेवटी तुझ्याहून अडलेल्या कुणाला तरी दे.

आपल्याकडच्या हंगामाच्या सणालाही हेच असतं. आमच्या भागातल्या खेड्यातल्या मंडळ्यांमध्ये अजून लोक बाजरी, ज्वारी, भोपळे, लिंबं, अंडी, एखादी कोंबडी, जे घरचं असेल ते घेऊन देवळात येतात, वेदीपुढे मांडतात आणि भक्ती झाली की लिलाव होतो, एका भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते आणि लहान मुलं खिदळत असतात. ह्याचं मूळ अनुवाद २६ मध्ये आहे, पहिल्या फळांची टोपली घेऊन याजकापुढे जायचं आणि नुसती ठेवायची नाही, तर मोठ्याने आपली कहाणी सांगायची, की आमचा पूर्वज भटका होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, आम्ही ओरडलो, देवाने ऐकलं, आणि म्हणून आज ही टोपली. टोपलीबरोबर गोष्ट. शहरात टोपली नसते हे खरं, पण गोष्ट तर असते ना. जुन्या ख्रिस्ती घरांत मोठ्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू ह्यांच्या तारखा लिहिलेल्या असतात, तुमच्या घरी असेल तर काढून बघ, सासऱ्यांच्या हातचं अक्षर सापडेल. त्याच पानांवर तूही लिहायला हरकत नाही, अमुक तारखेला नोकरी गेली, अमुक तारखेला अमक्यांनी फी भरली. मुलं पुढे वाचतील.

मुलांवरून आठवलं, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. "बघ त्या सिग्नलवरच्या मुलाला जेवायला नाही, तुला मिळतंय, देवाला थँक यू म्हण." जवळजवळ प्रत्येक घरात हे बोललं जातं. नको बोलूस. लूक १८ मधल्या परूश्याची, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या माणसाची प्रार्थना आठव, ती सुरूच आभारांनी होते, हे देवा मी तुझे आभार मानतो की मी इतर माणसांसारखा नाही, ह्या जकातदारासारखा नाही. शब्द उपकारस्तुतीचेच, आणि तो नीतिमान न ठरता घरी गेला. आपण मुलांना सिग्नलवरचं पोर दाखवतो तेव्हा तीच प्रार्थना शिकवत असतो, की दुसऱ्याचं कमी आहे म्हणून माझं बरं वाटतं. मग ज्या दिवशी शेजारच्यांकडे नवी गाडी येते त्या दिवशी ती कृतज्ञता संपते, कारण ती देवाकडे बघून नव्हतीच, शेजाऱ्याकडे बघून होती. त्याऐवजी रात्री एकच प्रश्न विचार, आज तुला कोणी मदत केली? पहिले दोन दिवस "कोणीच नाही" म्हणतील. मग बसच्या काकांचं नाव येईल, डबा उघडून देणाऱ्या मैत्रिणीचं येईल. आणि सिग्नलवरच्या मुलासाठी काही करायचं असेल तर ते करायचं, त्याला धडा म्हणून वापरायचं नाही.

हातासरशी हेही. ज्या मावशी आपल्याकडे भांडी घासतात त्यांना "तुमच्यामुळे घर चालतं" म्हणायचं आणि पगार पंधरा तारखेला द्यायचा, सुट्टीचे पैसे कापायचे, अशी उपकारस्तुती देवापर्यंत जात नसावी असं मला वाटतं. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गमावली, स्वतः उपाशी भटकल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. आपण वाचलो हे त्यांनी असं देवाला परत सांगितलं, अशी मी ती गोष्ट वाचते. दौंडच्या गाडीने केडगावला उतरता येतं, मुलांना घेऊन जाऊन ये एकदा.

नवऱ्याबद्दल. तू लिहिलंयस की तो प्रार्थनेला बसत नाही, देवाचं नाव काढलं की उठून जातो. त्याला ह्यातलं काही शिकवायला जाऊ नकोस, डायरी तर अजिबात दाखवू नकोस. ज्या माणसाची नोकरी गेलीये त्याला सगळ्यात जास्त हे वाटत असतं की आता माझा कुणाला उपयोग नाही, त्यामुळे त्याच्यासाठी उपकारस्तुती म्हणजे त्यालाच एक नेमकी गोष्ट सांगणं, की आज तुम्ही मोठीचं गणित घेतलंत म्हणून ती रडली नाही. रोज नको, खोटं नको, खरं घडेल त्या दिवशी. त्याच्यासाठी देवाचे आभार तू एकटी मान, त्याच्या कानावर पडायची गरज नाही.

राहिली ३१ डिसेंबरची साक्ष. आपल्याकडे साक्षी बहुतेक सुटलेल्या प्रश्नांच्या असतात, नोकरी मिळाली, ऑपरेशन यशस्वी झालं, व्हिसा आला, आणि ज्यांचं अजून सुटलेलं नाही ते मागच्या बाकावर बसून वर्षानुवर्षं ऐकतात. तुझी साक्ष त्यांच्यासाठी असू दे. पाळकांना आधीच सांग की आमचा प्रश्न अजून आहे तसाच आहे आणि मी तो आहे तसा सांगणार आहे. मग उभी राहा आणि तीन गोष्टी बोल. ह्या वर्षी काय गेलं, एका वाक्यात. देवाला काय काय विचारलं आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आणि मग तुझ्या १६ व्या अध्यायातली दोन-तीन नावं, ज्यांनी काय केलं ते त्यांच्यासमोरच, पण आधी त्यांना विचारून, कारण काहींना गुपचूप केलेलं गुपचूपच राहायला आवडतं. पैशाची मदत कुणी केली असेल तर आकडा सांगू नकोस. पाच मिनिटांत बस. शेवट गोड करायला "पण मला खात्री आहे नव्या वर्षात नोकरी मिळणारच" असं जोडू नकोस, तसं वचन तुला कुणी दिलेलं नाही. आणि त्या रात्री उभंच राहवलं नाही, तर पाळकांना सकाळी फोन करून सांग की ह्या वेळी नको, कुणी काही म्हणणार नाही, ईस्टरला बोलता येईल.